व्यसन आणि मनोविकार एकाच घरात : वाचकांचे प्रश्न

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांमध्ये व्यसनाविषयीची पत्रे सर्वाधिक आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत व्यसनाच्या जोडीला आणखी काहीतरी आहे : उदासी, भास, संशय, उडालेली झोप, जिवाचे बरेवाईट करून घेण्याची भाषा. पत्रलेखक प्रश्न विचारतात तो मात्र दारूचा किंवा गांजाचा. दुसरा आजार पत्राच्या शेवटी, बहुधा ता. क. म्हणून येतो. म्हणून या अंकासाठी अशीच पत्रे निवडली आहेत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. औषध कोणते आणि किती, हे प्रत्यक्ष तपासणारे डॉक्टरच ठरवू शकतात, हे लक्षात ठेवून पुढील उत्तरे वाचावीत.

प्रश्न : माझे यजमान बारा-तेरा वर्षांपासून पितात, गेली तीन वर्षे रोज, सकाळपासून. दोन वर्षांपूर्वी अवकाळी पावसात द्राक्षबाग गेली, तेव्हापासून ते कोणाशी धड बोलत नाहीत, रात्री उठून बसतात, 'माझ्यामागे तुमचं बरं चालेल' असे म्हणतात. दारू थांबवली की हात थरथरतात. मागच्या दिवाळीत फिटही आली होती. गावातले डॉक्टर सलाईन लावून दोन दिवसांत उभे करतात. सगळे म्हणतात, महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात ठेवा. पण ऑक्टोबरात फळछाटणी असते. ते नसतील तर बाग कोण बघणार? घरी राहून उपचार होणार नाहीत का?
— एक भगिनी, तासगाव तालुका

उत्तर : घरी राहून पुष्कळ उपचार होतात, परंतु तुमच्या यजमानांच्या बाबतीत सुरुवात घरी करू नये, असे मला स्पष्टपणे सांगावे लागेल. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकाएकी थांबली की सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो. आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काही रुग्ण भ्रमात जातात, बरळतात, त्यांना भिंतीवर किडे दिसतात, घरची माणसे ओळखू येत नाहीत. ही भ्रमावस्था उपचारांविना जिवावर बेतू शकते. ज्याला एकदा फिट येऊन गेली आहे त्याला ती पुन्हा येण्याची शक्यता अधिक असते, आणि त्यात 'माझ्यामागे' ही भाषा आली आहे. दवाखान्यात भरती होऊन दारू सोडण्यासाठी ही दोन कारणे पुरेशी आहेत.

सलाईनने माणूस उभा राहिलेला दिसतो, परंतु सलाईनमध्ये दारू सोडवणारे काही नसते. शिवाय वर्षानुवर्षे पिणाऱ्याच्या शरीरात ब-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी झालेले असते; ते न देता नुसते ग्लुकोज चढवले तर मेंदूला इजा होऊन चालण्याचा तोल, डोळ्यांची हालचाल आणि स्मरणशक्ती बिघडण्याचा धोका असतो. थायमिनचे इंजेक्शन आधी आणि ग्लुकोज नंतर, हा क्रम पाळला जातो की नाही, एवढे तरी गावातल्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

आता महिन्याच्या हिशेबाकडे येऊ. 'भरती' या एका शब्दाखाली आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या जातात. पहिली म्हणजे सर्वसाधारण रुग्णालयातील मनोविकार विभागात आठ-दहा दिवस राहणे. तेथे डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड किंवा यकृत बिघडलेले असल्यास लोराझेपाम यांसारखी थरथर आणि फिट रोखणारी औषधे देऊन ती रोज थोडी थोडी कमी करीत थांबवली जातात, थायमिन दिले जाते, यकृत आणि साखर तपासली जाते. दुसरी म्हणजे व्यसनमुक्ती केंद्रात महिना किंवा त्याहून अधिक काळ निवासी राहून समुपदेशन, गटचर्चा आणि दिनचर्येची घडी बसवणे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आणि साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली परिवर्तन संस्था यांच्यामुळे हा दुसरा मार्ग आपल्या भागात घरोघरी माहीत झाला, ही चांगलीच गोष्ट आहे; परंतु त्यामुळे पहिला मार्ग झाकला गेला, असे मला वाटते. तुमच्या यजमानांना पहिला टप्पा टाळता येणार नाही. दुसरा त्यांच्या इच्छेनुसार पुढे ठेवता येईल. मिरज आणि सांगली येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालये आहेत. तेथील मनोविकार विभागात आधी बाह्यरुग्ण म्हणून दाखवा आणि भरतीची तारीख ठरवून घ्या. छाटणीच्या आधी पंधरा दिवस मिळाले तरी सुरुवात होऊ शकते. तोवर मात्र घरच्या घरी दारू एकदम बंद करू नका.

उदासीचे काय? दारू स्वतःच मन खिन्न करते, त्यामुळे काही रुग्णांची उदासी दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते. काहींची ओसरत नाही आणि त्यांना नैराश्याचा स्वतंत्र उपचार लागतो. डॉक्टर विचारतील की उदासी पिण्याच्या आधीपासून होती का, मधल्या काळात दारू सुटलेली असतानाही ती टिकली होती का, घराण्यात कोणाला असा आजार होता का. यांची उत्तरे तुमच्याकडेच असतात, म्हणून तुम्ही सोबत जाणे आवश्यक आहे. मात्र मरणाची भाषा करणाऱ्या माणसाच्या बाबतीत चार आठवडे वाट पाहत कोणी बसत नाही. दोन्ही उपचार बरोबरच सुरू होतात.

आणि एक काम आज संध्याकाळपर्यंत करा. बागायतदाराच्या घरी फवारणीची औषधे हाताशी असतात. ती सगळी कुलपात ठेवा, शक्य असल्यास दुसऱ्याच्या गोडाऊनला हलवा, आणि किल्ली यजमानांकडे देऊ नका. आत्महत्येचा विचार पुष्कळदा एखाद्या प्रहरापुरता तीव्र होतो आणि दारू त्या प्रहरी हात सैल करते. साधन हाताशी नसेल तर जीव वाचतो. त्यांना 'जीव द्यावासा वाटतो का' असे सरळ विचारायला भिऊ नका. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी टेली-मानस ही शासनाची चोवीस तास चालणारी निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे : १४४१६. तिथे मराठीतून बोलता येते.

रुग्णालयातून घरी आल्यावर पहिले तीन महिने दर आठवड्या-दोन आठवड्यांनी दाखवावे लागेल, आणि खरा उपचार तिथेच होतो. एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाल्याचे आढळले होते, आणि भरती होऊन उपचार मिळाले ते १८० पैकी एकाला. प्रत्येकाने केंद्रातील खाटेचीच वाट पाहायची ठरवली, तर बाकीच्यांचे काय होणार, हे या दोन आकड्यांत दिसते.

प्रश्न : माझा मुलगा २२ वर्षांचा आहे. कॉलेजात गांजाची सवय लागली. वर्षभरापासून त्याला आवाज ऐकू येतात, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणतो. मनोविकारतज्ज्ञांनी गोळ्या दिल्या, त्याने थोडा फरक पडला. पण ते म्हणाले, आधी गांजा सोडवून आणा. केंद्रात नेले तर तेथील कार्यकर्ते म्हणाले, गोळ्या म्हणजे दुसरी नशाच, त्या बंद करा. गोळ्या बंद केल्यावर पंधरा दिवसांत तो इतका बिथरला की केंद्राने आम्हाला बोलावून परत पाठवले. आता कोणाकडे जावे?
— एक वडील, कराड

उत्तर : दोन दारांमध्ये रुग्णाची अशी ने-आण होणे, हा या क्षेत्रातील जुना आणि अक्षम्य प्रकार आहे. दोघांचे म्हणणे आपापल्या जागी सरळ वाटते, पण मुलगा एकच आहे. गांजा पूर्ण सुटेपर्यंत भासांचा उपचार थांबवायचा, तर भासांच्या भीतीने तो पुन्हा गांजाकडे जातो. आणि भासांच्या गोळ्या बंद करून गांजा सोडवायचा, तर काय होते ते तुम्ही पाहिलेच आहे. दोन्ही आजारांचे उपचार एकाच वेळी, एकाच पथकाकडून, एकाच केसपेपरवर व्हावेत, ही आज मनोविकारशास्त्रात मान्य झालेली पद्धत आहे.

मनोविकृतीच्या, म्हणजे भास आणि संशय यांवरच्या, गोळ्यांनी नशा होत नाही आणि त्यांचे व्यसन लागत नाही. त्यांनी झोप येते, वजन वाढते, हातापायांत ताठरपणा येतो. हे त्रास खरे आहेत आणि ते डॉक्टरांना सांगून कमी करता येतात. एक अपवाद मात्र सांगून ठेवतो : ताठरपणासाठी जी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी जोडीला दिली जाते, तिचा काही तरुण नशेसाठी वापर करतात. ती गोळी मोजून आणि तुमच्या हाताने द्यावी. मुलगा गोळ्या चुकवत असेल तर महिन्यातून एकदा घ्यायचे दीर्घकाळ टिकणारे इंजेक्शन हा चांगला पर्याय आहे. गोळ्यांवरून रोज सकाळी घरात होणारे भांडणही त्यामुळे टळते.

गांजाने मनोविकृतीचा धोका वाढतो, आणि जितका लहान वयात व जितका जास्त ओढला तितका तो अधिक वाढतो. घराण्यात असा आजार असेल तर आणखीच. गांजा सुटून महिना उलटला तरी आवाज टिकून असतील, तर केवळ गांजाचा परिणाम म्हणून ते सोडून देता येत नाही, स्किझोफ्रेनियाच्या दृष्टीने विचार करावा लागतो. तुमच्या पत्रातील एका वर्षाच्या कालावधीमुळे मला ती शंका येते, परंतु ती पत्रावरून नक्की करता येणार नाही.

यामुळे आत्ता त्याला केंद्रापेक्षा रुग्णालयाची गरज आहे. तीव्र भास असलेल्या मुलाला गटचर्चेत बसवून 'खरे सांग, कबूल कर' असे चहूबाजूंनी विचारले गेले, तर त्याचा संशय वाढतो. कराडच्या कृष्णा रुग्णालयासारख्या, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या ठिकाणी मनोविकार विभाग असतो. आधी तेथे त्याला स्थिर होऊ द्या. नंतर निवासी केंद्राची गरज वाटली, तर केंद्रात मनोविकारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात, गोळ्या कोणाच्या ताब्यात असतात आणि रात्री रुग्ण बिघडला तर कोठे नेतात, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देणारा चाचरला, तर पुढच्या केंद्राकडे चला.

एक बारीक गोष्ट, जी अनेकदा राहून जाते. मुलगा विडी-सिगारेट ओढत असेल आणि त्याला ओलान्झापिन किंवा क्लोझापिन हे भासांवरचे औषध सुरू असेल, तर धूम्रपान थांबल्यावर रक्तातील औषधाची पातळी वाढते आणि तो फार पेंगतो. केंद्रातून घरी येऊन पुन्हा ओढू लागला की तेच औषध कमी पडते. डॉक्टरांना विडीबद्दलही सांगा.

प्रश्न : वर्तमानपत्रात जाहिरात येते की रुग्णाच्या नकळत जेवणातून दारू सोडवा. आमच्या शेजारणीने अशी पावडर मागवली आणि तिच्या नवऱ्याची दारू दोन महिने बंद होती. माझ्या मिस्टरांना संशयाचा आजार आहे आणि त्यांच्या गोळ्या चालू आहेत. भाजीतून ही पावडर दिली तर चालेल का?
— वाळवा तालुका

उत्तर : देऊ नका. अशा पुड्यांत काय असते हे पुडीवर लिहिलेले नसते. काही वेळा त्यात डायसल्फिराम असण्याची शक्यता असते. १९४८ साली डेन्मार्कमधील दोन संशोधकांनी दारूविरोधी औषध म्हणून पुढे आणलेला हा पदार्थ आजही डॉक्टर वापरतात, पण रुग्णाला पूर्ण समजावून आणि त्याची संमती घेऊन. दारू पचताना तयार होणारा ॲसिटाल्डिहाइड हा विषारी घटक या औषधामुळे शरीरात साठतो. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो. ज्याला आपण काय खाल्ले हे ठाऊक नाही, तो नेहमीसारखा पिणार आणि कोसळणार. हृदयविकार असलेल्यांचे यात प्राण गेले आहेत. औषध बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ज्यांना हे औषध रीतसर सुरू असते त्यांनासुद्धा खोकल्याच्या काही औषधांपासून आणि आयुर्वेदातील आसव-अरिष्टांपासून दूर राहायला सांगितले जाते, कारण त्यांत थोडे मद्यार्क असते.

तुमच्या घरी आणखी एक धोका आहे. डायसल्फिरामने मनोविकृतीची लक्षणे उफाळू शकतात. आणि ज्या माणसाला आधीच वाटते की घरचे आपल्या जेवणात काही घालतात, त्याच्या जेवणात खरोखरच काही घातले आणि ते त्याला कळले, तर त्यानंतर तो तुमच्या हातची गोळीसुद्धा घेणार नाही. शेजारणीच्या दोन महिन्यांचा मोह पडणे मी समजू शकतो. परंतु तुमच्याकडे तिच्याहून चांगली सोय आहे : मिस्टर मनोविकारतज्ज्ञांकडे जातातच. पुढच्या खेपेस पिण्याचा विषय तुम्हीच काढा. दारूची ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, बॅक्लोफेन अशी औषधे आहेत. यकृत, मूत्रपिंड आणि चालू असलेल्या गोळ्या पाहून त्यांतून निवड होते. यांपैकी कोणत्याही औषधाने, प्यायल्यास अशी जीवघेणी प्रतिक्रिया येत नाही.

प्रश्न : माझा भाऊ काही केल्या उपचाराला तयार होत नाही. एक केंद्रवाले म्हणतात, पत्ता द्या, रात्री चार माणसे येऊन उचलून नेतील. यापूर्वी एका केंद्रातून तो परत आला तेव्हा त्याचे डोके भादरलेले होते आणि पायाला साखळीचे वण होते. तरीही घरात मारहाण इतकी वाढली आहे की आई म्हणते, नेऊ द्या. कायदा काय सांगतो?
— मिरज

उत्तर : मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २०१८ पासून लागू आहे, आणि त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थाही येतात. या कायद्यानुसार माणसाला साखळीने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे आणि सक्तीने डोके भादरणेही. तुमच्या भावाच्या बाबतीत जे घडले त्याची तक्रार मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते, आणि त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

रात्री घरातून उचलून नेण्याची कोणतीही तरतूद या कायद्यात खाजगी केंद्रांना नाही. आपला निर्णय स्वतः घेऊ शकणारा प्रौढ माणूस स्वतःच्या संमतीने भरती होतो आणि त्याने घरी जाण्याची मागणी केली तर त्याला सोडावे लागते. मनोविकारतज्ज्ञाला गंभीर धोका वाटला तरच मूल्यमापनासाठी चोवीस तास थांबवता येते. जो आजारामुळे निर्णय घेऊ शकत नाही आणि ज्याच्यापासून स्वतःला किंवा इतरांना धोका आहे, त्याच्यासाठी नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे कायद्याने रुग्णाच्या वतीने बोलू शकणाऱ्या व्यक्तीच्या, अर्जावर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, तीस दिवसांपर्यंत भरतीची सोय आहे. त्याची माहिती मंडळाला कळवावी लागते. तातडीच्या प्रसंगी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीने बहात्तर तासांपर्यंत उपचार करू शकतो. दारू पिऊन मारहाण करणारा प्रत्येक जण या दुसऱ्या गटात बसत नाही. त्याला भ्रम आहेत का, तो स्वतःच्या जिवावर उठला आहे का, यावर ते ठरते.

आईचे म्हणणेही ऐकण्यासारखे आहे, म्हणून दोन वाटा सांगतो. मारहाणीच्या वेळी ११२ वर पोलिसांना बोलवा. आईला कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणाऱ्या २००५ च्या कायद्याचा आधार घेता येतो, आणि तो उपचारांच्या आड येत नाही. दुसरी वाट म्हणजे भाऊ येत नसला तरी तुम्ही दोघे मनोविकारतज्ज्ञांच्या ओपीडीत जा. घरच्यांनी कधी बोलायचे, पैसे कसे द्यायचे नाहीत, शुद्धीवर असताना कोणती गोष्ट कोणत्या शब्दांत मांडायची, हे शिकून घेतलेल्या घरांतून पुढे रुग्ण स्वतः चालत येतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मागच्या केंद्राच्या आठवणीने तो उपचाराला नकार देत असेल, तर त्याच्या नकारात मला वेडेपणा दिसत नाही. त्याला तसे सांगा.

प्रश्न : धाकटा भाऊ ३४ वर्षांचा. दोनदा केंद्रात ठेवला, एकदा महिना, एकदा तीन महिने. दोन्ही वेळी बाहेर आल्यावर सहा महिने एकदम व्यवस्थित. मग अचानक रात्र-रात्र जागा, मोठमोठे बेत, बोलणे थांबत नाही; उसाच्या बिलाचे सगळे पैसे एका आठवड्यात उडवले, आणि मग पिणे सुरू. पैसे वाया गेले. आता तिसऱ्यांदा कोठे आणि किती महिने ठेवू?
— फलटण

उत्तर : तुम्ही नकळत निदानाची किल्ली लिहून पाठवली आहे. आधी झोप गेली, मग बेत, मग पैसे, आणि पिणे शेवटी आले. ज्याची घसरण केवळ व्यसनाची असते, त्याची सुरुवात सहसा एखाद्या लग्नातल्या एका घोटाने होते. तुमच्या भावाला उन्माद आणि नैराश्य यांच्या आलटून-पालटून लाटा येणारा आजार, म्हणजे बायपोलर, असण्याची शक्यता तपासली पाहिजे. दोन्ही केंद्रांनी दारू सोडवली, आणि ती सुटलीही होती. लाट मात्र कोणी पाहिली नाही. मुक्काम तीनऐवजी नऊ महिन्यांचा केला असता, तरी लाट आलीच असती.

तिसऱ्या केंद्राचा शोध थांबवून साताऱ्यात किंवा जवळच्या मनोविकारतज्ज्ञांना आधी दाखवा, आणि जाताना एका कागदावर गेल्या पाच वर्षांतील झोप, खर्च, उदासी आणि पिणे यांचा महिनावार तपशील लिहून न्या. दिवाळी, गाळप हंगाम, यात्रा अशा खुणा धरल्या की महिने आठवतात. हा कागद कोणत्याही स्कॅनपेक्षा उपयोगी ठरेल. निदान पक्के झाले तर लिथियम किंवा व्हॅल्प्रोएट यांसारखे मनःस्थिती स्थिर ठेवणारे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते. लिथियमची रक्तातील पातळी ठराविक काळाने तपासावी लागते, मूत्रपिंड आणि थायरॉइडही. उन्हात दिवसभर काम करून पाणी कमी पडले, जुलाब झाले, किंवा अंगदुखीसाठी दुकानातून डायक्लोफेनॅक आणून खाल्ले, तर ही पातळी धोकादायकरीत्या वाढू शकते. शेतकऱ्याच्या घरी हे आवर्जून सांगावे लागते. आणि उदासीच्या काळात कोणी नुसती नैराश्याची गोळी लिहून दिली, तर आधीच्या उन्मादाचा इतिहास लगेच सांगा, कारण त्या गोळीने एकट्याने उन्माद उसळू शकतो.

मग केंद्रातले शिकलेले वाया गेले का? नाही. सहा-सहा महिने तो न पिता राहिला, तेच कौशल्य आता औषधाच्या जोडीने वापरायचे आहे. अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेली, महाराष्ट्रात मराठीतून सभा भरवणारी विनाशुल्क चळवळ आहे. तिथे त्याने जावे. एखादा सभासद 'गोळ्या सोड, तरच खरी मुक्ती' असे सांगू लागला, तर ते त्या व्यक्तीचे मत समजावे. डॉक्टरांनी दिलेली औषधे बंद करायला सांगणे हे संस्थेचे धोरण नाही.

प्रश्न : आम्ही गलाईचा व्यवसाय करणारे, माझे दुकान तमिळनाडूत. छातीत धडधड आणि जीव घाबरा होतो म्हणून चार वर्षांपूर्वी अल्प्राझोलाम सुरू झाले, आता त्याशिवाय झोप नाही. रात्री दोन पेगही लागतात. गावी वर्षातून एकदाच येतो. केंद्रात राहणे शक्य नाही. गावी आलो की सगळे एकदम बंद करून टाकू का?
— विटा

उत्तर : एकदम बंद करू नका, चार वर्षांची अल्प्राझोलाम अचानक थांबवली तर फिट येऊ शकते. चालू ठेवणेही सुरक्षित नाही, कारण दारू आणि ही गोळी मिळून झोपेत श्वास मंदावतात. तुमचा मूळ आजार तीव्र भीतीचा असावा असे दिसते, आणि त्यावर व्यसन न लावणारी औषधे तसेच बोलण्याचे शास्त्रीय उपचार उपलब्ध आहेत. ती औषधे लागू पडायला दोन ते चार आठवडे घेतात. त्यानंतर जुनी गोळी आठवड्या-आठवड्यांनी, काही वेळा महिन्यांच्या हिशेबाने, कमी केली जाते. हे ओपीडीत उत्तम होते, परंतु वर्षातून एकदा भेटणाऱ्या डॉक्टरकडे होत नाही. म्हणून जिथे दुकान आहे त्या गावातच मनोविकारतज्ज्ञ शोधा. १४४१६ ही सेवा तमिळनाडूतही आहे. प्रत्येक चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, औषधाची मूळ नावे लिहून घ्या, आणि गावी आल्यावर एखाद्या औषध दुकानदाराने ओळखीने तीच गोळी दिली तरी घेऊ नका.

प्रश्न : मुलाला नैराश्य आणि दारू दोन्हींसाठी भरती करावे लागेल. आरोग्य विमा मिळेल का? ओळखीचे एजंट म्हणतात, कागदावर दारूचा उल्लेख टाळा.
— सातारा शहर

उत्तर : २०१७ च्या कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजारासाठी शारीरिक आजाराप्रमाणेच विमा देणे बंधनकारक केले आहे, त्यामुळे नैराश्यासाठीची भरती विम्यात बसायला हवी. परंतु दारू व अमली पदार्थांच्या व्यसनाचे उपचार आणि त्यांचे परिणाम हे बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या बाबींच्या यादीत छापलेले असतात. तुमच्या पॉलिसीतील ते पान आधी वाचा, आणि कंपनीला भरतीपूर्वी लेखी विचारा. नकार आला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाकडून समाधान झाले नाही तर पुण्यातील विमा लोकपालांकडे एका वर्षाच्या आत विनाशुल्क तक्रार करता येते. शासकीय रुग्णालयातील खर्च इतका कमी असतो की पुष्कळ कुटुंबांना विम्याचा खटाटोप करावा लागत नाही, हेही ध्यानात घ्या.

एजंटांचा सल्ला मात्र ऐकू नका. खोट्या माहितीमुळे पुढे पॉलिसीच रद्द होऊ शकते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दारूची नोंद नसलेल्या केसपेपरवर रात्रपाळीचे डॉक्टर थायमिन लिहिणार नाहीत, फिटची शक्यता धरणार नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी मुलाचे हात थरथरू लागले तर ती नैराश्यातील अस्वस्थता समजतील.